एक पीळ जास्त

बस डेपोत त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी घेतलं जाई. एरवी साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना हातोडीबाई म्हणत. पहाटेच्या पाळीला एकेक बस फाटकाबाहेर पडायच्या आधी बाई तिच्याभोवती फेरी मारायच्या आणि लांब दांड्याच्या छोट्या हातोडीने चाकाच्या प्रत्येक नटावर ठोका द्यायच्या. घट्ट बसलेला नट टणकन बोलतो. सैल नट नुसता बद्द करतो. बद्द ऐकू आलं की बाई पान्याला हात घालायच्या, नट आवळायच्या, पुन्हा ठोका मारून ऐकायच्या, आणि सगळं ठीक आहे अशी खात्री झाल्यावरसुद्धा वर एक पीळ जास्त द्यायच्या.

"बाई, सोडा आता गाडी. रांगेतली माणसं म्हातारी झाली," फोरमन ओरडायचा.

"होऊ देत म्हातारी. पण पोचू देत," बाई मान वर न करता म्हणायच्या.

नवरा याच डेपोत कंडक्टर होता. तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागी बाईंना नोकरी मिळाली, तेव्हा साहेबांनी चौकशीची खिडकी देऊ केली होती. पंखा, खुर्ची, डोक्यावर छप्पर. बाईंनी दोन दिवस खिडकीत काढले आणि तिसऱ्या दिवशी वर्कशॉप मागून घेतलं. माणसांपेक्षा चाकं बरी, ती उलट बोलत नाहीत, असं त्या म्हणत. लोक हसले. महिनाभरात हसायचे थांबले.

कारण त्याच सुमाराला एका बसचं मागचं बाहेरचं चाक उतारावर निसटलं. बसला मागे टाकून ते पुढे गेलं, वळणावर वळलंसुद्धा, आणि सरळ एका न्हाव्याच्या दुकानात शिरलं. आत गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून बसलेलं. चाक आरशासमोर जाऊन दमल्यासारखं आडवं झालं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. डेपोत अजून तो किस्सा रंगवून सांगतात, "चाकाचा नंबर लागला होता हो, म्हणून घाईत गेलं." सगळे हसतात. बाई मात्र हसत नसत. त्या दिवशी जी माणसं चाकाच्या वाटेत नव्हती, तीच त्यांना एकेक करून दिसायची. शाळेतून येणारी पोरं. काठी टेकत चाललेली म्हातारी. एकदा तर त्यांची स्वतःची लेक दिसली, आणि तेव्हापासून तो जास्तीचा पीळ त्यांच्या मनगटात कायमचा राहायला आला.

घरीही तेच. गॅसचा कॉक बंद करून त्या वर एकदा दाबायच्या. नळ इतका पिळायच्या की लेकीला तो दोन हातांनी उघडावा लागे. बरणीचं झाकण उघडायचं तर शेजारच्यांना बोलवायची वेळ यायची.

"आई, आपल्याकडे चोर आला ना, तर उपाशी जाईल बिचारा," लेक म्हणायची. "एक बरणी उघडेल तर शपथ."

लेक पंचविशी ओलांडलेली. लहानपणी एका जागी बसायचीच नाही, म्हणून बाई तिला भिंगरी म्हणत, ते नाव तसंच राहिलं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ती कामाला होती. दिवसभर भिंगातून बारीक बारीक स्क्रू बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा स्क्रूच घेऊन बसायची. हे घरचे स्क्रू हेलिकॉप्टरचे होते. खरं नव्हे, खेळण्यातलं. पण खेळणं म्हटलेलं तिला खपत नसे. मांजरापेक्षा मोठं, बकरीपेक्षा लहान असं ते यंत्र. डोक्यावर हात-हातभर लांबीची दोन पाती, मागे लांबुडकी शेपटी, शेपटीच्या टोकाला छोटा पंखा आणि एक पातळ उभं पान. हातातल्या रिमोटच्या दोन दांड्यांवर ते हवेत उठायचं, उलटं व्हायचं, उलट्याचं सुलटं व्हायचं, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर असं थबकून राहायचं, की कुणी खुंटीला टांगलंय असं वाटावं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी ते तिला मोडक्या अवस्थेत दिलं होतं. घड्याळकाका डेपोमागच्या मैदानावर अशी यंत्रं उडवायला जमणाऱ्या मंडळीतले सगळ्यांत जुने. "उडवायला कुणीही शिकतं, पोरी," असं त्यांचं म्हणणं. "उतरवायला शिक." भिंगरी दोन्ही शिकली.

बाई तिचं उडवणं बघायला कधी जात नसत. पाळीचं निमित्त होतं, पण सुट्टीच्या दिवशीही जात नसत. पात्यांचा तो फडफडाट लांबून ऐकू आला तरी त्या खिडकी लावून घ्यायच्या.

त्यात एका संध्याकाळी भिंगरी मैदानावरची गंमत सांगत आली. कुणाच्या तरी हेलिकॉप्टरचं पातं उडताना निखळलं. "आई, असं गेलं ना सुसाट! समोरच्या शेडच्या पत्र्यात सुरी रुतावी तसं रुतून बसलं. दोघांनी ओढून काढलं. बोल्ट सैल राहिला होता म्हणे त्याचा."

तिला हसू आवरत नव्हतं. बाईंच्या हातातला कप तसाच राहिला.

"तू कुठे उभी होतीस?"

"मी बाजूला होते गं. लांब."

"बाजूला की लांब?"

"आई, झालं सुरू तुझं!"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाळीला निघण्यापूर्वी बाई दाराजवळच्या फळीसमोर उभ्या राहिल्या. हेलिकॉप्टर तिथे ठेवलेलं असे, दोन्ही पाती एका रेषेत, एक पुढे आणि एक शेपटीवर. शेजारच्या डब्यात ती वाकडी बारीक किल्ली होती. प्रत्येक पातं एकेका बोल्टने डोक्याला जोडलेलं आहे हे बाईंना एका नजरेत कळलं. आयुष्य नटबोल्टांत गेलेलं. भिंगरीने यंत्राला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद दिलेली होती. पण हात लावणं वेगळं आणि बघणं वेगळं, अशी मनाची समजूत घालून बाईंनी किल्ली लावून बघितली. बोल्ट फिरला. सहज फिरला! सैल! त्यांनी तो आवळला, दुसराही आवळला, वर एकेक पीळ दिला, किल्ली होती तशी ठेवली आणि निवांत मनाने कामाला गेल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना त्या दिवशी डबा गोड लागला.

तेव्हापासून तो रोजचा नेम झाला. बोल्ट एखादे दिवशी आदल्या दिवसासारखाच घट्ट मिळायचा, तर एखादे दिवशी पुन्हा सैल. सैल मिळाला की बाई मनात म्हणायच्या, बघा, थरथराटाने सुटतो तो. बरं झालं आपण आहोत.

आणि त्याच आठवड्यात हेलिकॉप्टर थरथरायला लागलं.

ही थरथर भिंगरीच्या मुळावर यायची चिन्हं होती. अशी हेलिकॉप्टरं बनवणारा एक कारखाना होता, रात्रभराच्या प्रवासाइतका लांब. तयार झालेलं प्रत्येक यंत्र उडवून बघायचं, त्यातला दोष शोधायचा आणि घेणाऱ्यांना शिकवायचं, यासाठी त्यांना माणूस हवा होता. या भागातून तिघांना निवडलं होतं, त्यांत भिंगरी एकटी मुलगी. कारखान्याच्या परीक्षक मॅडम येऊन इथल्याच मैदानावर परीक्षा घेणार होत्या, आणि ज्याने त्याने आपलं यंत्र आणायचं होतं. ज्याचं स्वतःचं यंत्र धड नाही, त्याच्या हाती कारखान्याची यंत्रं कोण देणार?

भिंगरी हात धुऊन त्या थरथरीच्या मागे लागली. तिने पाती काढून तोलली, हलकं निघालं त्याच्या टोकाला चिकटपट्टी लावली. डोक्यातला, दोन्ही पाती जोडणारा आडवा दांडा काढून काचेवर घरंगळवला, वाकला असेल तर तो डुगडुगत जातो. हा सरळ गेला. रबरी चकत्या बदलल्या. पाती न लावता नुसती मोटर फिरवून बघितली, लोण्यासारखी फिरली. मग पाती लावून गच्चीवर नेलं आणि गुडघ्याइतक्या उंचीवर उडवलं. ते चित्रासारखं स्थिर राहिलं.

"सापडलं!" ती नाचत खाली आली. "चकत्याच होत्या, आई!"

सकाळी मैदानावर नेलं, तर पुन्हा तेच. शेपटीच्या टोकाचं पातळ पान एकाऐवजी दोन दिसत होतं, इतकं कापत होतं.

असं आठवडाभर चाललं. संध्याकाळी गच्चीवर शहाणं, सकाळी मैदानावर वेडं. भिंगरीने सकाळच्या गारव्यावर संशय घेतला, बॅटरीवर घेतला, वाऱ्यावर घेतला, मैदानातल्या उंच गवतावरसुद्धा घेतला. बोल्ट तर ती उडवण्याआधी रोज बोटाने हलवून बघायची, सैल नाहीत ना म्हणून. सैल कधीच नसायचे. घड्याळकाका म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही, पोरी. संध्याकाळ आणि सकाळ यांच्यामध्ये काय बदलतं, तेवढं शोध." ती शोधत राहिली. घरातलं माणूस काही तिच्या संशयितांत नव्हतं.

बाईंना लेकीचा चेहरा उतरलेला दिसत होता, कारण कळत नव्हतं. आपण रोज करतो ते चांगलंच करतो याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. उलट यंत्र थरथरतंय म्हटल्यावर तर त्या आणखी मन लावून आवळू लागल्या.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी भिंगरीने जेवताना मध्येच दोन्ही हात ताटावर पुढे धरले.

"आई, बघ बरं. माझे हात कापतात का?"

"छे! काहीतरीच."

"नीट बघ गं. यंत्राचं सगळं तपासून झालं. आता मीच उरले. गच्चीवर कुणी बघत नसतं, तेव्हा बरोबर उडतं. मैदानात चार माणसं असली की कापतं. म्हणजे भीती माझ्या हातात आहे, आणि ती दांड्यांतून खाली उतरतेय. दुकानात काल माझ्या हातून एक स्क्रू पडला. असा कधी पडला होता?"

बाईंनी पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं उचललं आणि तिच्या उघड्या तळव्यावर ठेवलं. दोघी बघत राहिल्या. पाण्यावर सुरकुतीसुद्धा उठली नाही.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. "हात तुझ्या बापाचे आहेत. चालत्या गाडीत उभा राहून चहा प्यायचा तो."

भिंगरी हसली, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "उद्या जमलं नाही ना, तर विकून टाकते हे. मोबाइलचं दुकान काही वाईट नाही."

बाईंना वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या वाईटाच्या तळाशी, कपाच्या बुडाशी साखर राहावी तसं, थोडं बरंही वाटलं.

परीक्षेच्या दिवशी पहाटे त्यांनी दोन्ही बोल्टांना नेहमीचा पीळ दिला, आणि आज मोठा दिवस म्हणून वर आणखी अर्धा दिला. झोपलेल्या लेकीच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि त्या डेपोत गेल्या.

सूर्य वर आला तसा भिंतीपलीकडच्या मैदानावरून पात्यांचा आवाज यायला लागला. पहिला कुणाचा, दुसरा कुणाचा, बाईंना कळेना. त्या हातोडी मारत होत्या, पण कान भिंतीपलीकडे होते. एका नटावर तर त्यांनी तीनदा ठोका मारला.

"बाई, तो नट काय आत कुणी आहे का सांगणार आहे?" फोरमन म्हणाला. "टकटक करताय सारखी."

शेजारच्या खड्ड्याजवळ फिटर एका बसचं पुढचं चाक बसवत होता. चाकाच्या मधोमध, बेअरिंगवर येतो तो मोठा नट त्याने पान्याने करकचून आवळला. चाक हाताने फिरवायला गेला, तर ते जड, कुरकुरत फिरलं. मग त्याने तोच नट थोडा मागे घेतला. चाकाला एक टपली मारली. चाक स्वतःच्या नादात आवाज न करता फिरत राहिलं.

बाईंनी हे आयुष्यात किती वेळा बघितलं असेल, याची गणतीच नाही. बाहेरचे नट चाकाला धरून ठेवतात, ते आवळायचेच. पण मधला नट चाकाला फिरू देतो. तो आवळून सोडायचा असतो. डेपोतल्या पोरासोरालाही हे ठाऊक. पण मधला नट फिटरचा आणि बाहेरचे बाईंचे, अशी कामाची वाटणी होती, आणि बाईंच्या हाताला त्यांच्या वाटणीचंच ठाऊक होतं.

"काय हो," बाईंनी फिटरला विचारलं. "हा मागे घेतला नाही तर?"

"तर काय? चाकाला श्वास घ्यायला जागा नको? धरून बसेल, तापेल, गाडी हादरवेल. का हो?"

संध्याकाळ आणि सकाळ यांच्यामध्ये काय बदलतं, ते त्यांना कळलं होतं. सैल मिळणारा तो बोल्ट सैल नव्हताच. तो लेकीने मापात ठेवलेला होता. ती रात्री तोलूनमापून ठेवायची आणि आपण पहाटे उठून बिघडवायचो.

त्या तिथेच हातोडी धरून उभ्या राहिल्या. धावत सुटायला हवं होतं. पण पाय उचलण्यापूर्वी एक विचार मनात येऊन गेला, आणि तो आला याची लाज त्यांना पुढे कितीतरी दिवस पुरली. गप्प बसलं तर? कुणाला काय कळणार आहे? आज जमणार नाही, लेक दोन दिवस रडेल, यंत्र विकेल, आणि मग रोज संध्याकाळी दुकानातून घरी येईल. दोन ताटं मांडायची. ती आली की दाराची कडी आतून लावायची.

भिंतीपलीकडे आणखी एक यंत्र सुरू झालं. त्याच्या फडफडीत मधूनच एक लंगडा ठेका होता. नट ऐकून ऐकून तयार झालेल्या कानाला तो लगेच कळला. ते भिंगरीचंच.

"फोरमनसाहेब," बाई म्हणाल्या, "या गाडीची मागची चाकं राहिलीत. मी येईपर्यंत सोडू नका."

"अहो, निघालात कुठे? वेळ झालीय गाडीची!"

"मग तुम्ही ठोका. पण प्रत्येक नट. आणि ऐकून!"

बसची वेळ झालेली असताना बाई डेपोतून निघून गेल्या, असं आजवर कुणी बघितलं नव्हतं. फोरमन इतका चक्रावला, की हातोडी तर बाईंच्याच हातात राहिली हे सांगायचंही त्याला सुचलं नाही.

मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर डोक्याला टोपी घातलेल्या परीक्षक मॅडम बसल्या होत्या. परीक्षा झालेले दोघे उमेदवार सावलीत उभे होते. घड्याळकाका गवतावर उकिडवे बसून काडी चावत होते. भिंगरीने यंत्र नुकतंच खाली उतरवलं होतं आणि ती मॅडमना म्हणत होती, "नाही, मॅडम. यंत्रात दोष नाही. माझाच हात..."

"नाही!" बाई लांबूनच ओरडल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. तेलाने माखलेला निळा डगला, हातात हातोडी, धापा टाकत आलेली बाई. उमेदवारांतला एक झटकन दुसऱ्याच्या मागे सरकला.

"आई?" भिंगरीच्या कानांपर्यंत रक्त चढलं. "तू इथे काय करतेस?"

"तुझा हात नाही तो. माझा आहे." बाईंना दम पुरेना. "पात्यांचे बोल्ट. मी रोज पहाटे आवळते. तू झोपलेली असतेस तेव्हा."

भिंगरीला आधी कळलंच नाही. मग ती खाली बसली, यंत्र उचलून तिने कुशीवर धरलं आणि हलकेच झटका दिला. पाती मापात असली तर एवढ्या झटक्याने हळूच खाली लवतात. ही लाकडात ठोकल्यासारखी ताठ राहिली. तिने डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. दोन्ही पाती एका रेषेत नव्हती. एक केसभर मागे वाकून तिथेच अडकून बसलं होतं.

"जिन्याच्या वळणावर कठड्याला टोक लागतं रोज," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "बोल्ट मापात असला तर फिरायला लागल्यावर पातं आपलं आपण सरळ होतं. आवळलेला असला तर वाकडंच राहतं. वाकडंच फिरतं." तिने मान वर केली. "सैल आहे का, एवढंच बघत होते मी. जास्त आवळलाय का, हे कोण बघतं?"

मग ती उठून आईच्या अगदी जवळ आली. आवाज इतका खाली, की बाईंनाच ऐकू यावा.

"तुला मला जाऊच द्यायचं नव्हतं ना?"

बाईंना वाटलं, हातातली हातोडी हिने हिसकावून डोक्यात घातली असती तर सोपं गेलं असतं.

"पातं सुटेल, तुला लागेल, म्हणून आवळत होते," त्या म्हणाल्या. "ते पत्र्यात रुतलेलं ऐकल्यापासून. आणि आत्ता कळलं तेव्हा... एकदा वाटलं, गप्प बसावं. हो, वाटलं. पण आले ना?"

भिंगरी बघत राहिली. मॅडमनी खुर्चीवरून विचारलं, "दुरुस्ती इथे होण्यासारखी आहे का? वेळ देता येईल. थोडा."

"होण्यासारखी आहे," भिंगरी म्हणाली.

तिने खिशातून किल्ली काढली, एक बोल्ट सोडवला, पातं रेषेत आणलं, बोल्ट पुन्हा आवळला आणि थोडा मागे घेतला. कुशीवर धरून झटका दिला. पातं हळूच लवलं. मग तिने किल्ली आईपुढे धरली. चेहऱ्यावर राग होता तसाच होता.

"दुसरं तू कर."

"मी? नको गं. माझा हात..."

"तुझ्याच हाताने बिघडलंय. कर."

बाईंनी हातोडी गवतावर ठेवली. किल्ली लावली. बोल्ट आवळला. आता मागे घ्यायचा होता, आणि मनगट ऐकेना. इतक्या वर्षांत त्या मनगटाने कुठलाही बोल्ट सुटा सोडला नव्हता. त्यांनी डोळे मिटले, आणि किल्ली उलट फिरली.

"आणखी जरा," लेक म्हणाली.

"पडेल."

"नाही पडत. आणखी जरा. बस. बस, आता सोड."

यंत्र उठलं. बाईंनी डोळे मिटून आधी कानांनी बघितलं. ठेका सरळ होता, कुठे लंगडत नव्हता. मग त्यांनी डोळे उघडले. हेलिकॉप्टर भिंगरीच्या समोर डोक्याइतक्या उंचीवर थांबलं होतं, आणि शेपटीच्या टोकाचं पातळ पान एकच दिसत होतं, कागदावर काढल्यासारखं. मग ते वर गेलं, खूप वर, तिथे उलटं झालं, आणि बाईंनी घड्याळकाकांचा दंड इतक्या जोरात धरला, की काका कळवळून म्हणाले, "अहो, हा पण सैल सोडा जरा."

उतरल्यावर मॅडमनी विचारलं, "दोष काय होता?"

"पात्यांचे बोल्ट जास्त आवळले गेले होते," भिंगरी म्हणाली. "माझी चूक आहे. उडवण्यापूर्वी तपासायला हवं होतं."

"तिने नव्हते आवळले," बाई मध्येच म्हणाल्या. "मी आवळले होते."

"ऐकलं मी मघाशी." मॅडमनी त्यांच्या डगल्याकडे बघितलं. "डेपोत असता?"

"हो. बसची चाकं बघते."

"चांगलं करता. चाकंच बघत जा," मॅडम म्हणाल्या, आणि उठून त्यांनी भिंगरीला यंत्र पुन्हा सुरू करायला सांगितलं. अजून बरंच काही करून दाखवायचं होतं. बाई थांबल्या नाहीत. डेपोत गाडी खोळंबली होती, आणि फोरमन चाकाशी उकिडवा बसून कसल्याशा पान्याने नट ठोकत, कान लावून ऐकत होता. "सगळे सारखेच बोलतात हो, बाई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

चार दिवसांनी फोन आला. भिंगरीची निवड झाली होती.

त्या चार दिवसांत मायलेकींचं बोलणं मीठ दे, दार लाव, एवढंच झालं होतं. फोन आल्यावर भिंगरीने घड्याळकाकांना कळवलं, दुकानात कळवलं, मैत्रिणींना कळवलं. आईला मात्र तिने ते हळूच, दुसरीकडे बघत सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं." मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी उगाचच एक धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं.

निघायच्या दिवशी भिंगरी खोलीत जमिनीवर बसून यंत्राची पाती जुन्या चादरीत गुंडाळत होती. बाई दारात उभ्या राहिल्या. आत यावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"जागा बरी आहे ना राहायची?"

"आहे."

"शेजारी कोण आहे?"

"कारखान्यातल्याच मुली आहेत. आई, दाराला आतून कडी आहे, खिडकीला गज आहेत, गॅस नाही, विजेची शेगडी आहे. अजून काही?"

"नाही. तेवढंच."

भिंगरीने चादरीची गाठ मारली. मारताना एकदा थांबली, गाठ घट्ट झाली का बघितली, आणि आपण काय केलं हे ध्यानात येऊन तिने ओठ आवळले.

"राग गेलेला नाहीये हं माझा," ती म्हणाली.

"नको जाऊ देऊस," बाई म्हणाल्या. "घेऊन जा बरोबर. तिकडे ओळखीचं कुणीतरी असलेलं बरं."

भिंगरीने हसायचं नाही असं ठरवलं होतं. ते काही तिला जमलं नाही. तिने गुंडाळलेली पाती बाजूला ठेवली आणि यंत्राची शेपटी आईकडे केली.

"धर हे," ती म्हणाली. "नुसतं धर."

बाई आत आल्या, लेकीसमोर बसल्या, आणि तिने सांगितलं तेवढंच धरून राहिल्या.